बेवारशी सायकली

परवा नातवाने संगणकावर एक छायाचित्र दाखवले. मला वाटले, झेंडूचे शेत आहे. चष्मा पुसून पाहिले तर सायकली! हजारो, एकीवर एक. चीनच्या वू ग्वोयाँग या छायाचित्रकाराने २०१८ साली ड्रोनने असे कितीतरी ढीग टिपले होते.

आमच्या लहानपणीही सायकल भाड्याने मिळे. दुकानदार वहीत नाव आणि वेळ लिहून घ्यायचा. अनामत वगैरे काही नाही, तो वडिलांना ओळखत असे, तेवढे पुरे. माझ्या भावाने एकदा पुढचे चाक वाकवून आणले, तर ती बातमी त्याच्या आधी घरी पोचली होती!

चीनमध्ये हा धंदा मोबाइलवर आला. पेकिंग विद्यापीठातल्या काही विद्यार्थ्यांनी २०१४ साली ‘ओफो’ कंपनी काढली. पाठोपाठ ‘मोबाइक’, ‘ब्लूगोगो’ आणि इतर अनेक. पिवळ्या, नारिंगी, निळ्या सायकली. कुठूनही घ्या, कुठेही सोडा. गुंतवणूकदारांचा पैसा वाहत होता, म्हणून गरजेपेक्षा कितीतरी जास्त सायकली रस्त्यावर आल्या. २०१७च्या नोव्हेंबरात ब्लूगोगो बुडाली. २०१८च्या डिसेंबरात ओफोकडे अनामत परत मागणाऱ्यांची रांग एक कोटीच्या वर गेली. सायकली राहिल्या तशाच.

त्या कुणी वापरायला का नेल्या नाहीत, असे मी नातवाला विचारले. मग कळले की कुलूपच मोबाइलवर उघडणारे, कंपनी बंद तर कुलूपही बंद. मोबाइकच्या पहिल्या सायकलींना भरीव टायर होते आणि साखळी नव्हतीच. कोपऱ्यावरच्या सायकलवाल्याने दुरुस्त करायचे तरी काय?

असो. पण गोष्ट इथे संपत नाही. २०१८च्या जूनमध्ये सिंगापुरात ‘ओबाइक’ बंद पडली. माइक थान टुन विन या मूळच्या म्यानमारच्या उद्योजकाने सिंगापूर-मलेशियातून अशा सुमारे दहा हजार सायकली विकत घेतल्या आणि २०१९पासून म्यानमारच्या खेड्यांतल्या, पायी शाळेत जाणाऱ्या मुलांना वाटायला सुरुवात केली. बदल अगदी साधे केले. मोबाइलचे कुलूप काढून किल्लीचे बसवले आणि मागे एक बैठक जोडली.

हे वाचताना मला माझ्या शाळेतली एक मुलगी आठवली. सातवीत पहिली आली होती. पुढची शाळा सहा किलोमीटरवर, एसटी दिवसातून दोनदा. मी दोनदा तिच्या घरी गेले. वडील म्हणाले, “बाई, सोबत कोण देणार?” माझ्याकडे उत्तर नव्हते. पुढे २०११नंतर मानव विकास कार्यक्रमातून आपल्याकडच्या मागास तालुक्यांतल्या मुलींना सायकली मिळू लागल्या, पण तोवर तिची मुलेच शाळेत जाऊ लागली असतील.

नातवाला म्यानमारच्या सायकलीचे ते मागचे आसन फारसे महत्त्वाचे वाटले नाही. मी मात्र पुन्हा पुन्हा तेच बघत होते. त्यावर धाकटी बहीण बसते.