माजिवड्याच्या बाजूने समुद्राकडे: स्वराज्याच्या पहिल्या जहाजांची गोष्ट

तुम्ही आत्ता घोडबंदर रोडच्या ट्रॅफिकमध्ये अडकला असाल, तर आजचा भाग खास तुमच्यासाठी. कारण आजची गोष्टही अडकण्याचीच आहे. फक्त अडकल्या होत्या त्या गाड्या नाहीत, जहाजं.

माजिवडा नाक्यावरून जुन्या आग्रा रोडने बाळकूमकडे निघालं की थोड्याच वेळात कशेळीचा पूल लागतो. खाली उल्हास नदीची खाडी. उजवीकडे, वरच्या अंगाला कल्याण. डावीकडे पाणी कोलशेत, गायमुख, घोडबंदर करत वसईपाशी अरबी समुद्राला मिळतं. रोज हजारो लोक हा पूल ओलांडतात. मराठी आरमाराची सुरुवात याच पाण्यावर झाली, हे त्यातल्या किती जणांना माहीत असेल?

चला, 1657 मध्ये जाऊ. ऑक्टोबर महिना. शिवाजी महाराजांनी कल्याण आणि भिवंडी घेतली. महाराज तेव्हा सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांचे, म्हणजे तुमच्यापैकी अनेकांच्याच वयाचे. तोपर्यंतचं स्वराज्य डोंगरांचं, किल्ल्यांचं, घोड्यांचं. आता पहिल्यांदा हातात खाडी आली. महाराजांनी कल्याणला खाडीकाठी दुर्गाडी उभारायला घेतला आणि जहाजं बांधायचं ठरवलं.

पण ठरवणं सोपं, बांधणं अवघड. नदीत चालणारी होडी वेगळी आणि खाऱ्या पाण्यातलं लढाऊ जहाज वेगळं. समुद्रात दोन शत्रू असतात. एक म्हणजे लाट. ती फळ्यांचे सांधे खिळखिळे करते. दुसरा दिसतही नाही, तो म्हणजे लाकूड पोखरणारा किडा. गोड्या पाण्यात तो तग धरत नाही, पण खाऱ्या पाण्यात तळाची चाळण करून टाकतो. म्हणून आपल्या किनाऱ्यावर जहाजाला सागवान लागायचं. फळ्या एकमेकींत खाचा पाडून बसवायच्या, फटींत कापूस ठासायचा, वरून राळ आणि तेल. तळाला चुना आणि तेलाचा जाड लेप. तो लेपही कायमचा नाही. जहाज पुन्हा पुन्हा किनाऱ्यावर ओढून नव्याने द्यावा लागायचा. म्हणजे जहाज एकदा बांधलं आणि काम संपलं, असं नसतंच.

हे सगळं जाणणारे कारागीर हवे होते. महाराजांनी थेट पोर्तुगीज माणसं कामाला लावली. प्रमुख होता रुई लैतांव व्हिएगश, सोबत त्याचा मुलगा फर्नांव. वीसेक लढाऊ गलबतांचं काम त्यांच्याकडे होतं. बायकामुलं धरून त्यांच्याबरोबर सुमारे 340 माणसं होती. छोटं गावच म्हणा ना!

आता खरी अडचण ऐका. जहाज कल्याणला तयार झालं, पण समुद्रात जाणार कुठून?

नकाशा उघडा हवं तर. कल्याणहून खाली आलं की ठाण्याजवळ दोन वाटा फुटतात. एक घोडबंदरवरून वसईकडे, दुसरी ठाण्याच्या खाडीतून मुंबईकडे. आणि साष्टी, वसई, मुंबई हे सगळं तेव्हा पोर्तुगीजांच्या ताब्यात! आपलं माजिवडासुद्धा साष्टीवरच, म्हणजे पोर्तुगीज हद्दीत. पनवेलला जहाज बांधलं तरी ते मुंबईच्या बंदरातच उतरणार. घर आपलं, पण दाराची किल्ली शेजाऱ्याकडे, असा प्रकार.

पोर्तुगीजांना हे पक्कं कळत होतं. समुद्रावर व्यापार करायचा तर त्यांचा परवाना घ्यायचा, हा त्यांचा शिरस्ता. आरमार बाळगणारा नवा शेजारी त्यांना कसा परवडणार? ऑगस्ट 1659 मध्ये गोव्याच्या कारभाऱ्यांनी पोर्तुगालच्या राजाला कळवलं की शहाजींच्या मुलाने कल्याण, भिवंडी, पनवेलला लढाऊ जहाजं बांधली आहेत आणि ती बाहेर पडू नयेत असे हुकूम दिले आहेत.

त्यांनी घाव नेमका घातला. तोफ डागलीच नाही, कारागीरच फोडले. वसईहून व्हिएगशला निरोप गेले, समजूत घातली गेली. आणि एका रात्री तो आपली माणसं घेऊन गुपचूप निघून गेला. सकाळी खाडीकाठी जहाजं होती, पण बांधणारे नव्हते.

क्षणभर विचार करा. एवढा पैसा, एवढं लाकूड, एवढी आशा. इथे कुणीही म्हटलं असतं, जाऊ दे, आपलं काम घोड्यावरचं. त्यात भर म्हणजे 1661 मध्ये कल्याणच मुघलांनी घेतलं.

पण काम थांबलं नाही. खाडीत अडकायचं नसेल तर तळ उघड्या समुद्रावर हवा, हे दिसतच होतं. आणि पुढची पावलं त्याच दिशेने पडली. 1664 च्या नोव्हेंबरमध्ये मालवणसमोर, भर समुद्रात सिंधुदुर्गाचा पाया घातला गेला. आणि फेब्रुवारी 1665 मध्ये महाराज स्वतः जहाजात बसून बसरूरच्या मोहिमेवर गेले. कारवारच्या इंग्रजांच्या नोंदीत त्या ताफ्याचा आकडा आहे: 85 लहान गलबतं आणि 3 मोठी जहाजं. व्हिएगश पळाल्यानंतर जेमतेम सहा वर्षांत! अडवणाऱ्या पोर्तुगीजांना गोव्याच्या बाजूने हा ताफा जाताना बघावा लागला.

एक गोष्ट मला फार आवडते. पुढे अठराव्या शतकात लिहिलेल्या ‘आज्ञापत्रा’त आरमारासाठी लाकूड कसं तोडावं याचे नियम आहेत. रयतेची आंब्या-फणसाची झाडं जबरदस्तीने तोडायची नाहीत, हे त्यात बजावलंय. जहाज हवं, पण कुणाचं परसू उजाड करून नको.

आणि ती दाराची किल्ली? तीही आली. 1737 मध्ये मराठ्यांनी ठाणं घेतलं, 1739 मध्ये वसई. कल्याणपासून समुद्रापर्यंतचं पाणी मोकळं व्हायला ऐंशी वर्षं लागली.

तर पुढच्या वेळी कशेळीच्या पुलावर गाडी थांबली की मोबाईलमधून मान वर करा आणि खाली बघा. ओहोटीला चिखल दिसेल, भरतीला पाणी चढताना दिसेल. त्याच भरतीची वाट बघत कधीतरी स्वराज्याचं पहिलं गलबत उभं होतं.

भाग आवडला तर ट्रॅफिकमध्ये अडकलेल्या एखाद्या मित्राला नक्की पाठवा. भेटू पुढच्या भागात. तोवर, काळजी घ्या!