सारा व थकबाकी, डहाणू–तलासरी भागातील

पालघर जिल्ह्याच्या डहाणू व तलासरी तालुक्यांतील शेतसाऱ्याची वसुली, तिची थकबाकी आणि तीतून निर्माण झालेले जमिनीचे व कर्जाचे प्रश्न यांचा इतिहास. मुंबई इलाख्यात सारावसुलीचा कायदा सर्वत्र सारखाच होता. तथापि वारली व अन्य आदिवासींची दाट वस्ती असलेल्या या भागात, कोसबाडच्या टेकडीभोवतालच्या गावांसह, त्याचे परिणाम फार निराळे झाले. तलासरीची गावे पूर्वी उंबरगाव तालुक्यात होती. १९६० मध्ये त्या तालुक्याचा मोठा भाग गुजरात राज्यात गेला. त्यामुळे जुन्या कागदपत्रांत या गावांची माहिती उंबरगावच्या नावाखाली शोधावी लागते.

इंग्रजी अंमलात या प्रदेशाला रयतवारी पद्धत लागू झाली. १८४७ च्या संयुक्त अहवालाने घालून दिलेल्या नियमांप्रमाणे जमिनीची मोजणी व प्रतवारी होऊन आकारणी साधारणतः तीस वर्षांसाठी ठरविली जाई. आकार रोख असे व तो पिकावर नव्हे, तर जमिनीवर बसे. भातपीक बुडाले तरी देणे कायम राही. आणेवारी फारच कमी आल्यास वसुली तहकूब होई वा क्वचित सूट मिळे. पण ती देणे सरकारच्या मर्जीवर होते. सारा सुगीनंतरच्या महिन्यांत हप्त्यांनी भरावयाचा असे, आणि नेमक्या त्याच वेळी भाताचा भाव उतरलेला असे.

थकबाकीदाराविरुद्धचे उपाय १८७९ च्या मुंबई जमीन महसूल कायद्यात नमूद केले आहेत : मागणीची लेखी नोटीस, जमिनीचा कब्जेहक्क सरकारजमा करणे, जंगम मालाची जप्ती व विक्री, स्थावराची विक्री, आणि अखेरीस अटक व कैद. सरकारी देण्याला इतर सर्व देण्यांवर अग्रहक्क होता. सरकारजमा झालेल्या जमिनीवरील गहाण व इतर बोजे नाहीसे होत. ही तरतूद वरवर पाहता सावकाराला प्रतिकूल वाटते. प्रत्यक्षात मात्र ती त्याच्या हाती मोठे साधन ठरली. कब्जेहक्क जाऊ नये म्हणून हितसंबंधी इसमास कब्जेदाराच्या वतीने सारा भरण्याची मुभा त्याच कायद्यात होती. सावकार आपले तारण वाचविण्यासाठी सारा भरी आणि ती रक्कम व्याजासह कुळाच्या खात्यावर मांडी. सरकारची बाकी फिटे, सावकाराची वाढे. थोड्या आण्यांच्या थकबाकीतून जमीन कशी जाते, हे यावरून ध्यानात येते.

१८९६ मध्ये पावसाने दगा दिला, तेव्हा ठाणे जिल्ह्यात सारातहकुबीची मागणी जोराने पुढे आली. पुणे सार्वजनिक सभेच्या कार्यकर्त्यांनी उंबरगावकडील गावांत सभा घेऊन रयतेला सूट-तहकुबीचे नियम समजावून दिले. सरकारने १८९७ मध्ये सभेची मान्यता काढून घेतली. पुढे १९०१ च्या दुरुस्तीने सरकारजमा झालेली जमीन हस्तांतरणास बंदी असलेल्या शर्तीवर देण्याची तरतूद झाली. जमीन सावकाराकडे जाऊ नये हा सरकारचा सांगितलेला उद्देश होता. मेहता, गोखले प्रभृतींनी मात्र तिला विरोध करून सभात्याग केला; रयतेची पत बुडेल व तिचा हक्क कमकुवत होईल, असा त्यांचा आक्षेप होता. दोन्ही बाजूंत तथ्य होते. परंतु डहाणूच्या आदिवासींपुरते बोलावयाचे, तर त्यांच्यापैकी बहुतेकांच्या नावावर तोवर फारशी जमीनच उरली नव्हती.

त्यानंतर या भागातील मुख्य देणे सरकारी न राहता जमीनमालकाचे झाले. सारा मालक भरी. कूळ त्याला खंड देई. पावसाळ्यात पोटासाठी उचललेली खावटी सुगीला वाढीव भाताने फेडावी लागे. लग्नासाठी घेतलेल्या कर्जापायी नवरा-बायको मालकाकडे राबत; अशा माणसास ‘लग्नगडी’ म्हणत. डी. सायमिंग्टन यांच्या १९३९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अहवालात या स्थितीचे वर्णन आहे. साऱ्याची पावती तलाठ्याकडून मिळे आणि गावचा हिशेब दरवर्षी जमाबंदीच्या वेळी तपासला जाई. खावटीची वही मात्र कोणी तपासत नसे. ती वाचता येणारा माणूस कुळाच्या घरात नसल्याने मालक सांगेल तीच बाकी. मे १९४५ मध्ये झरी येथे झालेल्या सभेपासून शामराव व गोदावरी परुळेकर यांच्या नेतृत्वाखालील वारल्यांच्या लढ्याने जोर धरला. वेठ व लग्नगडीची पद्धत त्यामुळे मोडली. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये तलवाडा येथील गोळीबारात जेठ्या गांगड व इतर वारली मारले गेले.

१९४६ च्या सावकारी कायद्याने सावकाराला परवाना घेणे, विहित नमुन्यात हिशेब ठेवणे व ऋणकोस खात्याचा उतारा देणे बंधनकारक झाले. खाजगी वहीवर सरकारी तपासणी येण्याचा हा या भागातील पहिला महत्त्वाचा प्रसंग होय. कूळकायद्याने (१९४८) १ एप्रिल १९५७ रोजी कुळे जमिनीची मालक मानली गेली. पण खरेदीची किंमत हप्त्यांनी भरावयाची होती, आणि हप्ते थकल्यास खरेदी निष्प्रभ ठरे. जुनी थकबाकी अशा रीतीने नव्या रूपाने परतली.

शहरातील करदात्याशीही या पद्धतीचा संबंध आहे. १९२२ च्या प्राप्तिकर कायद्यान्वये थकलेला कर वसूल करण्यासाठी अधिकारी जिल्हाधिकाऱ्याकडे दाखला पाठवी व तो जमीन महसुलाच्या बाकीप्रमाणे वसूल होई. १९६१ च्या कायद्याने त्यासाठी स्वतंत्र वसुली अधिकारी नेमले. शेतीचे उत्पन्न केंद्रीय प्राप्तिकरातून वगळलेले असल्याने बोर्डी–घोलवडच्या चिकू बागाईतदाराला शेतीपुरता त्याचा जाच नाही.

१९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेने १८७९ च्या कायद्याची जागा घेतली, तरी नोटीस, जप्ती, विक्री व अटक हा क्रम तिने कायम ठेवला. थकबाकीवरील दंड बाकीच्या एक-चतुर्थांशापेक्षा अधिक नसावा, अशी मर्यादा तीत आहे. १९७४ मध्ये आदिवासींची जमीन बिगर आदिवासींकडे जाण्यावर कडक निर्बंध आले आणि गेलेल्या जमिनी परत देण्याचा कायदा झाला. पुढच्याच वर्षी कर्जमुक्तीच्या वटहुकमाने लहान शेतकरी व मजूर यांचे सावकारी देणे रद्द केले. खावटीची गरज मात्र संपली नाही. १९७८ पासून आदिवासी विकास महामंडळामार्फत शासनाने खावटी कर्ज देण्यास प्रारंभ केला. २०२० मध्ये त्याचे रूपांतर अनुदानात झाले. प्रत्येक पात्र कुटुंबास ४,००० रुपये, निम्मे रोख व निम्मे धान्यादी वस्तूंच्या रूपात, असे त्याचे स्वरूप होते.