प्रस्तावना : हिशेब रात्रीपासून

घरच्या गच्चीवर एकाच पाण्यात मासे आणि भाजी वाढवण्याच्या पद्धतीला अ‍ॅक्वापोनिक्स म्हणतात. माशांच्या उत्सर्जनातून पाण्यात अमोनिया उतरतो. नायट्रोसोमोनाससारखे जिवाणू त्याचे नायट्राइट करतात, नायट्रोस्पायरासारखे जिवाणू पुढे नायट्रेट करतात. ते पालक-पुदिन्याची मुळे शोषून घेतात आणि निवळलेले पाणी टाकीत परतते. मासा, जिवाणू आणि मूळ या तिघांनाही प्राणवायू लागतो. म्हणून पाणी फिरते ठेवणारा पंप आणि हवा सोडणारा एअर पंप हे या शेतीचे आधार आहेत, आणि दोन्ही विजेवर चालतात.

ही वीज ऊन-वाऱ्यातून मिळवण्याची ओढ नवी नाही. 1969 साली स्थापन झालेल्या न्यू अल्केमी इन्स्टिट्यूटमध्ये, अमेरिकेतील केप कॉड येथे, जॉन टॉड, नॅन्सी जॅक टॉड आणि विल्यम मॅक्लार्नी यांनी पवनचक्क्या, उन्हाने तापणाऱ्या टाक्या आणि त्यांत वाढणारे तिलापिया मासे यांचे प्रयोग केले. पुढे व्हर्जिन आयलंड्स विद्यापीठात जेम्स राकोसी यांनी मासे आणि भाजी यांच्या प्रमाणाला शास्त्रीय शिस्त दिली. आज सौर पॅनेल सामान्य घराच्या आवाक्यात आले आहे. अभ्यासकाने आता उत्तर शोधायचे ते या प्रश्नाचे : सूर्य मावळल्यावर मासे कशावर श्वास घेणार?

आधी गरज किती ते पाहू. तासाला हजार लिटर पाणी एक मीटर उचलायला तत्त्वतः तीन वॉटही लागत नाहीत. छोट्या पंपाची कार्यक्षमता कमी असल्याने प्रत्यक्षात वीसेक वॉट खर्च होतात. त्यात पाच वॉटचा एअर पंप धरला, तर दिवसाला 600 वॉट-तास, म्हणजे अर्ध्या युनिटाहून थोडे अधिक. भाजीचा वाफा टाकीपासून जितक्या कमी उंचीवर, तितकी ही मागणी घटते. म्हणूनच पॅनेल विकत घेण्याआधी उंची मोजावी.

बॅटरीचे गणित याहून बोलके आहे. 12 व्होल्ट, 100 अँपिअर-अवरच्या लेड-अ‍ॅसिड बॅटरीतली निम्मीच ऊर्जा वापरायची म्हटले, तर हाती 600 वॉट-तास येतात. दोन्ही पंप अखंड चालवले तर ती एक दिवस पुरते. केवळ एअर पंप चालवला तर पाच दिवस. श्रावणातल्या ढगाळ आठवड्यात हा फरक निर्णायक ठरतो. खडीच्या वाफ्यातली मुळे काही तास ओलाव्यावर तग धरतात, माशांना तेवढी सवड नसते. शेवाळलेल्या टाकीत पहाटे प्राणवायू सर्वांत कमी असतो. त्या वेळी हवा थांबली, तर मासे पृष्ठभागाशी येऊन तोंडाची उघडझाप करू लागतात. उन्हाळ्यात धोका वाढतो : 20 अंशाच्या पाण्यात लिटरला सुमारे 9 मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, 30 अंशाला साडेसातच.

आणखी एक गोष्ट नवागताने पहिल्याच दिवशी जाणून घ्यावी. महावितरणच्या जाळ्याला जोडलेली, बॅटरी नसलेली छतावरची सौर यंत्रणा वीज गेल्याबरोबर स्वतःही बंद होते. दुरुस्तीला खांबावर चढलेल्या कामगाराच्या सुरक्षिततेसाठी ती तशीच बनवलेली असते. म्हणजे गच्चीभर पॅनेल आणि वर रखरखीत ऊन असूनही लोडशेडिंगमध्ये टाकी निराधार राहू शकते. मोठ्या यंत्रणेने बिल कमी होईल. मासे वाचतील ते एअर पंपाला दिलेल्या छोट्या, स्वतंत्र बॅटरीने.

या क्षेत्रात मत्स्यविज्ञान, सूक्ष्मजीवशास्त्र, विद्युतशास्त्र आणि परसबागेचा अनुभव एकत्र येतात. सुरुवातीला यांतले एखादेच अंग अवगत असले तरी पुरे. बाकीची टाकीजवळ बसून येतात. पुढील प्रकरणे या क्रमाने लावली आहेत : आधी प्राणवायू, मग पाण्याची उंची, मग बॅटरी आणि सर्वांत शेवटी पॅनेल. वाचकाने हा क्रम सोडू नये. आपल्या टाकीची एक रात्र निभावायला किती वॉट-तास लागतात, हे कागदावर मांडता आले की या विद्येत तुमचा प्रवेश झाला असे खुशाल समजा.