वारा, वेळापत्रक आणि एक दुर्लक्षित अहवाल

मुंबईहून लंडनला जाण्यास जितका वेळ लागतो, त्याहून परतीस साधारणतः तासभर कमी लागतो, हे परदेशस्थ वाचकांना अनुभवाने ठाऊक असेल. साधारण दहा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारा ‘जेट स्ट्रीम’ हा वेगवान वारा याचे प्रमुख कारण होय. त्याच्या शोधाचा इतिहास प्रशासनाच्या दृष्टीनेही बोधप्रद आहे.

जपानमधील तातेनो येथील सरकारी वेधशाळेचे प्रमुख वासाबुरो ओइशी यांनी १९२३ ते १९२५ या काळात फुगे सोडून वरच्या हवेची निरीक्षणे घेतली. डिसेंबर १९२४ मध्ये सुमारे नऊ किलोमीटर उंचीवर त्यांना ताशी सुमारे २६० किलोमीटर वेगाचा वारा आढळला. १९२६ साली त्यांनी अहवाल प्रसिद्ध केला, तो एस्पेरांतो या आंतरराष्ट्रीय म्हणून घडविलेल्या भाषेत. जपानबाहेर त्याची फारशी दखल घेतली गेली नाही. नोव्हेंबर १९४४ मध्ये टोकियोवर आलेली अमेरिकी बी-२९ विमाने याच वाऱ्यात सापडली आणि त्यांचा नेम चुकला.

नोव्हेंबर १९५२ मध्ये पॅन ॲमने हाच वारा पाठीशी घेऊन टोकियो-होनोलुलू प्रवास अठरा तासांवरून साडेअकरा तासांवर आणला. २०१६ साली एअर इंडियाने दिल्लीहून सॅन फ्रान्सिस्कोला जाणारे विमान अटलांटिकऐवजी पॅसिफिकवरून नेले. अंतर सुमारे १,४०० किलोमीटरने वाढले, तरीही वेळ वाचला.

मात्र आकाशात वाचलेला वेळ जमिनीवर टिकेलच असे नाही. मुंबईच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, म्हणून दोन्ही एकाच वेळी वापरता येत नाहीत. लंडनच्या हीथ्रोवर रात्रीच्या विमानांच्या संख्येवर मर्यादा आहे. लवकर पोहोचलेले विमान अशा ठिकाणी घिरट्या घालत राहू शकते. वैमानिकांच्या कामाच्या तासांनाही कमाल मर्यादा असते. मोठ्या विलंबात ती उलटली तर नवा चमू आल्याविना पुढचे उड्डाण होत नाही.

म्हणूनच विलंबाचे आकडे तपासताना वाऱ्याचा वाटा आणि धावपट्टीचा वाटा स्वतंत्रपणे मांडला पाहिजे. पहिल्यासाठी ऋतुमानानुसार वेळापत्रक बदलणे एवढेच हाती असते. दुसऱ्यासाठी उत्तरदायित्व निश्चित करता येते, आणि ती मांडणी निर्णय घेणाऱ्याला समजेल अशा भाषेत हवी.