वाशीमचीं पांच अक्षरें

इंग्रजी भाषेंत शब्दांचा एक खेळ फार दिवसांपासून चालत आला आहे. एका शब्दाचीं अक्षरें घ्यावयाचीं, एकही न गाळतां व एकही नवें न घालतां त्यांच्या जागा बदलावयाच्या, आणि दुसरा अर्थपूर्ण शब्द उभा करावयाचा. ‘लिसन’ म्हणजे ऐका आणि ‘सायलेंट’ म्हणजे निःशब्द. इंग्रजींत हे दोन्ही शब्द त्याच सहा अक्षरांचे आहेत. नभोवाणीवर बोलणाराला याहून सोयीची जोडी कोठली मिळणार? आपल्या नागरी लिपींत हा खेळ तितका रंगत नाहीं, कारण येथें स्वर व्यंजनाला चिकटून असतो. रोमन लिपींत ते दोन्ही सुटे मणी आहेत. हवे तसे ओवावे.

याच सुट्या मण्यांच्या आधारानें वऱ्हाडांतील एका प्राचीन नगराच्या नांवाचा शोध घ्यावा, असा आज माझा विचार आहे. तें नगर म्हणजे वाशीम.

इंग्रजी अमदानींत हें नांव ‘बासिम’ असें लिहीत: बी, ए, एस, आय, एम. हीं पांच अक्षरें फिरवून आय, ए, एम, बी, एस अशीं मांडलीं कीं ‘आयॅम्ब्स’ हा शब्द तयार होतो. हा इंग्रजी छंदःशास्त्रांतला शब्द. आघातहीन अवयवापुढें आघातयुक्त अवयव आला म्हणजे एक आयॅम्ब झाला. असे पांच गण मिळून शेक्सपियरच्या नाटकांतील नेहमींची ओळ होते. आपल्याकडे आघाताऐवजीं मात्रा मोजतात. तरी प्रमाणिका किंवा पंचचामर वृत्तांतील लघु-गुरु, लघु-गुरु ही चाल ज्यांच्या कानांत आहे, त्यांना हा गण परका वाटूं नये.

आतां गंमत अशी कीं, संस्कृत साहित्यशास्त्रांत या नगराचें नांव काव्याशींच जोडलेलें आहे. दहाव्या शतकाच्या आरंभीं होऊन गेलेल्या राजशेखरानें ‘काव्यमीमांसे’ंत एक कथा सांगितली आहे. काव्यपुरुष रुसून निघाला, साहित्यविद्या त्याच्यामागोमाग देशोदेशीं हिंडली, आणि अखेर विदर्भांतील वत्सगुल्म नगरांत दोघांचा गांधर्व विवाह झाला. त्याच राजशेखराच्या ‘कर्पूरमंजरी’ या प्राकृत नाटकांत वैदर्भी रीतीला ‘वच्छोमी’ म्हटलें आहे, म्हणजे वत्सगुल्माची. हें वत्सगुल्म म्हणजेच आजचें वाशीम. ज्या गांवीं काव्याचें लग्न लागलें, त्याच्या इंग्रजी अक्षरांत छंदाचा गण लपलेला असावा, हा निव्वळ योगायोग आहे. त्यावर कोणी सिद्धान्त उभारूं नये.

परंतु एक प्रश्न खरोखरच विचारण्यासारखा आहे. ‘वा’चा ‘बा’ केला कोणी? आपण सहज म्हणतों, इंग्रजांनीं. हा दोष त्यांच्याच माथीं मारणें सोपें आहे. तथापि १९०५ पूर्वीं वऱ्हाडांत जे सहा जिल्हे होते, त्यांत बासिमच्या शेजारीं ‘वूण’ नांवाचा एक जिल्हा होता. हें नांव वणी या गांवावरून आलेलें, आणि त्याच्या आरंभीं इंग्रजांनीं डब्ल्यू घातला. एकाच सरकारच्या दप्तरांत वणीच्या ‘व’ला डब्ल्यू आणि वाशीमच्या ‘व’ला बी, हें कसें? इंग्रजांच्या कानाचा दोष असता, तर तो दोन्ही नांवांत दिसता.

याचें उत्तर मोगली दप्तरांत आहे. सोळाव्या शतकाच्या अखेरीस अबुल फजलनें ‘आईन-इ-अकबरी’ंत वऱ्हाड सुभ्याच्या सरकारांची यादी दिली आहे. तींत हें नांव ‘ब’नेंच येतें. फारसी लिपींत ‘बे’ आणि ‘वाव’ हीं स्वतंत्र अक्षरें आहेत, त्यामुळें लिपीची अडचण नव्हती. माझ्या मतें हा हिंदुस्थानी उच्चाराचा संस्कार असावा. वसंताचा बसंत आणि वनाचें बन करणारी जीभ वाशीमचें बाशीम सहज करील. १८५३ च्या तहानें निजामाकडून वऱ्हाड कंपनीच्या ताब्यांत आलें, आणि त्याबरोबर लिहिलेलें नांवही आलें.

पश्चिम किनाऱ्यावर वसईचें असेंच झालें. १५३४ मध्यें ती पोर्तुगीजांकडे गेली. त्यांनीं तिला ‘बासाईं’ म्हटलें, आणि इंग्रजांनीं त्याचें ‘बॅसीन’ केलें. १८०२ चा दुसऱ्या बाजीरावाचा तह इंग्रजी ग्रंथांत याच नांवानें प्रसिद्ध आहे. ब्रह्मदेशांतील एका बंदरालाही इंग्रजींत बॅसीनच म्हणत. १९०८ च्या ‘इंपीरियल गॅझेटियर’मध्यें एकाच सातव्या खंडांत, थोड्या पानांच्या अंतरानें, बासिम आणि हीं दोन्ही बॅसीन भेटतात. नांवें इतकीं जवळचीं कीं घाईनें पानें चाळणाराचें बोट एकावरून दुसऱ्यावर सहज घसरावें.

ही केवळ गमतीची गोष्ट राहिली नाहीं. १९३९ मध्यें वाशीम येथें वाकाटक राजा दुसरा विंध्यशक्ति याचा ताम्रपट उजेडांत आला. त्यांतील वंशावळीचा भाग संस्कृतांत व पुढील दानाचा भाग प्राकृतांत आहे, आणि दान वत्सगुल्माहून दिलेलें आहे. वाकाटकांची एक स्वतंत्र शाखा येथें राज्य करीत होती, हें या पत्र्यांमुळें स्पष्ट झालें. त्याचा पिता सर्वसेन हा ‘हरिविजय’ या प्राकृत काव्याचा कर्ता; याच शाखेंतील हरिषेणाच्या वराहदेव नामक मंत्र्यानें अजिंठ्याचें सोळावें लेणें कोरविलें. हा इतिहास या गांवाला परत मिळाला, पण ताम्रपटाला विद्वानांनीं नांव दिलें तें ‘बासिम ताम्रपट’. म. म. वासुदेव विष्णु मिराशी यांनीं १९६३ मध्यें वाकाटकांचे सर्व लेख एका खंडांत प्रसिद्ध केले, तेव्हांही तेंच नांव कायम राहिलें.

१९०५ मध्यें बासिम जिल्हा मोडला. १ जुलै १९९८ रोजीं अकोल्यांतून वेगळा होऊन तो पुन्हां अस्तित्वांत आला, तो डब्ल्यूनें आरंभ होणाऱ्या सहा अक्षरांच्या नांवानें. या सहांतून ‘वॉश’ म्हणजे धुणें, ‘स्विम’ म्हणजे पोहणें आणि ‘विश’ म्हणजे इच्छा, हे शब्द निघतात. पद्मतीर्थाच्या गांवाला ते शोभतातही. मात्र या नांवाखालीं कोणी विद्यार्थी जुन्या इंग्रजी ग्रंथांच्या सूचींत वाकाटकांचा ताम्रपट शोधूं लागला, तर त्याला तो मिळणार नाहीं. त्यानें बीचें पान उघडावें, आणि बॅसीनच्या थोडें अलीकडे पाहावें.