कात्सुरा : वाढत गेलेलं घर

घर वाढवायचं ठरलं की आपल्याकडे पहिला बळी पडवीचा जातो. पडवीची खोली होते आणि माजघर कायमचं अंधारात जातं. सतराव्या शतकात क्योतोच्या पश्चिमेला, कात्सुरा नदीकाठी, एका जपानी राजघराण्याने हे टाळलं.

राजपुत्र तोशिहितोने १६१५च्या सुमारास इथे घर बांधायला घेतलं. पुराच्या भीतीने जमीन खांबांवर उचललेली, तोंड आग्नेयेला, आणि तळ्याच्या बाजूला चंद्र बघत बसायला बांबूचा उघडा सज्जा. १६२९मध्ये तो वारला. मुलगा तोशितादा हाताशी आल्यावर, १६४०च्या आसपास, त्याने नवा भाग जोडला; पण वडिलांच्या घराच्या रेषेत नव्हे, तर मागे सरकवून, कोपऱ्याला कोपरा भिडवून. १६६०च्या दशकातला तिसरा भाग आणखी मागे सरकला. जपानी लोक या मांडणीला उडत्या हंसांच्या रांगेची उपमा देतात. नव्याने जुन्याची बाग अडवली नाही, आणि स्वतःलाही दोन बाजूंनी बाग मिळवली. किंमत मोजली ती छपराने. जितके कोपरे, तितके सांधे. आणि पावसाळी देशात सांधा म्हणजे काय, हे कोकणातल्या माणसाला सांगायला नको.

हिटलरच्या जर्मनीतून निसटलेला वास्तुकार ब्रुनो टाउट १९३३मध्ये हे घर बघून भारावला. पुढे १९६०मध्ये टांगे आणि ग्रोपियस यांच्या लेखांसह यासुहिरो इशिमोतोच्या छायाचित्रांचं पुस्तक आलं. त्यात छपरं बहुतेक कापलेलीच आहेत! उरले ते खांब, पडदे, चौकटी : जणू एकाच आधुनिक डोक्यातून निघालेली इमारत. पन्नास वर्षांच्या वाढीव बांधकामाचा पुरावा नेमका छपरात होता.

तिसरा भाग निवृत्त सम्राट गो-मिझुनोच्या पाहुणचारासाठी बांधला, असं परंपरा सांगते. हा पाहुणा साधा नव्हता. हिएई डोंगराच्या पायथ्याशी शुगाकुइन हे स्वतःचं उद्यानगृह त्याने १६५९मध्ये पुरं केलं होतं. तिथे उतारावर बांध घालून तळं केलं, बांधाची भिंत कातरलेल्या झुडपांखाली झाकली, आणि वर एक साधी झोपडीवजा बैठक. तिथून बाग कुठे संपते आणि दूरचे डोंगर कुठे सुरू होतात, कळत नाही. याला जपानीत ‘शाक्केई’ म्हणतात : उसना देखावा.

उसन्या देखाव्याची मालकी मात्र बागवाल्याकडे नसते. शुगाकुइनच्या तीन बागांमधली भातशेतं अशीच परक्यांची होती. तिथे इमारती उठू नयेत म्हणून १९६४मध्ये सरकारने ती विकत घेतली. शेतकरी ती आजही कसतात.