नाकातील अर्बुद, हेमाद्री आणि दोन अंगुळांची नळी (थ्रेड)

माझे मामा जालना एमआयडीसीतील एका रोलिंग मिलमध्ये कामाला आहेत. चार वर्षांपूर्वी त्यांच्या उजव्या नाकपुडीतील गाठ दुर्बिणीने काढली. अहवाल आला : इन्व्हर्टेड पॅपिलोमा, कर्करोग नव्हे. घरी पेढे वाटले गेले. पुढच्या तपासण्यांना मात्र मामा गेले नाहीत, कारण प्रत्येक खेपेला एक दिवसाचा रोज बुडतो. गेल्या दिवाळीत तीच नाकपुडी पुन्हा बंद झाली. त्या निमित्ताने मी जुने ग्रंथ चाळू लागलो आणि शोध थेट देवगिरीपर्यंत गेला.

वाग्भटाच्या 'अष्टांगहृदय' या ग्रंथात, सूत्रस्थानाच्या 25व्या अध्यायात, शस्त्रवैद्याची यंत्रे वर्णिली आहेत. त्यांत नाकातील अर्बुद व अर्श यांसाठी एक स्वतंत्र नळी आहे : एका छिद्राची, दोन अंगुळे लांब, तर्जनीएवढ्या घेराची. अशा नळ्यांचे प्रयोजनही ग्रंथकार सांगतो. आतला रोग दिसावा आणि क्रिया सुकर व्हावी, हे त्यातले मुख्य. आधी पाहणे, मग हात घालणे.

या ग्रंथावर 13व्या शतकात 'आयुर्वेदरसायन' ही टीका लिहिली हेमाद्रीने. होय, तोच हेमाडपंत! यादवराजा महादेव आणि रामचंद्र यांचा मंत्री, 'चतुर्वर्गचिंतामणी'चा कर्ता. मंदिरे आणि मोडी लिपी यांच्या आख्यायिकांत त्याचे वैद्यक आपण पार विसरलो. जालन्याहून दौलताबाद दीड-दोन तासांवर आहे. मुंबईच्या निर्णयसागर छापखान्याने 1939 साली काढलेल्या आवृत्तीत अरुणदत्ताच्या टीकेसोबत हेमाद्रीची टीकाही वाचायला मिळते.

सुश्रुत याहून पुढे जातो. चिकित्सास्थानात तो बजावतो की अर्बुदाचा अंश मागे राहिला, तर ते लवकरच पुन्हा वाढते आणि विझवायच्या राहिलेल्या आगीप्रमाणे घात करते. म्हणून ते निःशेष काढावे. (येथे सावध राहू या : प्राचीन 'अर्बुद' म्हणजेच आजचा पॅपिलोमा, असे समीकरण मांडता येत नाही.)

तत्त्व ठाऊक होते. मुळापर्यंत दृष्टी पोहोचत नव्हती. युरोपातही 1854-55 मध्ये वॉर्ड आणि बिलरोथ यांनी ही गाठ नोंदवली, पण तिचे पेशीस्तर बाहेर फुगण्याऐवजी आत वळतात, हे रिंगर्ट्झने नीट दाखवले ते 1938 साली. नुसती दिसणारी गाठ खुडली की ती वारंवार परतायची. कॉल्डवेल (1893) व ल्यूक (1897) यांनी वरच्या ओठाखालून गालाच्या पोकळीत शिरण्याचा मार्ग दिला. पुढे नाकाच्या कडेने चेहरा उघडण्याची पद्धत आली. मूळ हाती लागे, पण चेहऱ्यावर व्रण राही.

कलाटणी दिली ती पुन्हा नळीनेच. 1959च्या सुमारास हॅरल्ड हॉपकिन्सने काचेच्या दांड्यांची दुर्बीण रचली. ऑस्ट्रियातील ग्राझ येथे मेसरक्लिंगरने तिच्यातून नाकाच्या पोकळ्यांचा मार्ग बारकाईने अभ्यासला. आज त्याच वाटेने गाठ काढतात आणि ती जिथे चिकटलेली असते तिथले हाडही घासतात.

तरीही प्रकरण संपत नाही. बहुतेक पुनरुद्भव पहिल्या दोन-तीन वर्षांत होतात, काही मात्र बऱ्याच उशिरा. शंभरांतील साधारण पाच ते दहा जणांत या गाठीशी कर्करोगाचा संबंध आढळतो. म्हणून दुर्बिणीची तपासणी वर्षानुवर्षे चालू ठेवावी लागते. 'सौम्य' हा आपला मराठी शब्द या बाबतीत फसवा आहे, असे माझे मत झाले आहे. एकाच बाजूचे नाक सतत बंद राहत असेल, त्यातून रक्त येत असेल, तर तो 'नेहमीची सर्दी' म्हणून सोडून देण्याचा विषय नव्हे.

मामांची दुसरी शस्त्रक्रिया फेब्रुवारीत झाली. या वेळीही अहवाल चांगला आला. पेढे मात्र कोणी आणले नाहीत. पुढच्या तपासणीच्या दिवसाचा रजेचा अर्ज मीच लिहून ठेवला आहे.